विकणे आहे : जुनी मोटार, मूळ स्थितीत

'जुनं ते सोनं' ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण जुनी वस्तू हाती आली की पहिलं काम करतो ते तिला नवी करण्याचं. समई काळवंडली की चिंच लावून लख्ख घासतो, वाड्याच्या सागवानी दाराला ऑइलपेंट फासतो, देवळाचे दगडी खांब जत्रेच्या तोंडावर पिवळे-तांबडे रंगवून काढतो. म्हण एक सांगते आणि हात दुसरंच करतात. हे कुठं चालतं आणि कुठं नुकसानीचं ठरतं, याचा विचार आज एका जरा अनपेक्षित वस्तूच्या आधारानं करू. ती वस्तू म्हणजे मोटारगाडी, आणि तीही इटलीत घडलेली.

परदेशातल्या मोटारविषयक मासिकांत आणि लिलाव करणाऱ्या पेढ्यांच्या सूचीपत्रांत एक प्रकारची जाहिरात वरचेवर आढळते. तिचा साध्या मराठीत अर्थ असा : 'विकणे आहे. इटालियन ग्रान तुरिस्मो मोटार. दुर्मीळ. मूळ स्थितीत, नव्यासारखी न केलेली.' आपल्याकडचा बाजार जाणणारा माणूस हे वाचून हसेल. म्हैस विकायची तर आदल्या दिवशी तिला धुऊन-पुसून, शिंगांना तेल लावून बाजारात नेतात. रंग उडालाय, गादी फाटलीय, पत्र्यावर गंज आहे, असं स्वतःच सांगून कुणी गिऱ्हाईक बोलावतं का? शंका रास्त आहे. पण त्या जाहिरातीतले शेवटचे शब्द गाडीची किंमत कमी करत नाहीत, वाढवतात. कधी कधी कित्येक पटींनी वाढवतात. असं का होतं हे कळायला त्या जाहिरातीतला एकेक शब्द उलगडून पाहिला पाहिजे.

पहिला शब्द 'ग्रान तुरिस्मो'. इटालियन भाषेत 'ग्रान' म्हणजे मोठा आणि 'तुरिस्मो' म्हणजे प्रवास. लांब पल्ल्याच्या प्रवासाची गाडी, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे पूर्वी शर्यतीचा छकडा वेगळा, ऊस आणि शेणखत वाहायची बैलगाडी वेगळी, आणि पाव्हण्यारावळ्यांना नेण्या-आणण्याची दमणी वेगळी असे. आता अशी कल्पना करा, की दमणीला शर्यतीची खोंडं जुंपली आहेत, पण आत बसणाऱ्याच्या पोटातलं पाणीही हलत नाही. ग्रान तुरिस्मो गाडी म्हणजे नेमकं हेच. दोन माणसं, त्यांच्या दोन बॅगा, आणि डोंगरघाटांतून दिवसभरात पाचसातशे किलोमीटर जाऊनही न थकण्याची सोय.

अशी गाडी इटलीतच का जन्मली, याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. उत्तरेला आल्प्स पर्वत, आणि देशाच्या पाठीच्या कण्यासारखी वरपासून खालपर्यंत गेलेली अपेनाइन पर्वताची रांग. इटलीत लांबचा प्रवास करायचा तर घाट चुकत नाही. त्यात १९२७ साली तिथं 'मिल्ले मिल्या' नावाची शर्यत सुरू झाली. मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशिया गावातून निघायचं, रोमला जायचं आणि पुन्हा ब्रेशियाला यायचं. सुमारे १६०० किलोमीटर, आणि सगळं नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवरून. साध्या धावपट्टीवर गोल फिरणाऱ्या गाड्यांचा तिथं निभाव लागणं कठीण होतं. खड्डे, वळणं, पाऊस, रात्र, हे सगळं सोसून वेग टिकवणारी गाडी लागे. १९५७ साली या शर्यतीत एका गाडीचा टायर फुटला. चालक, त्याचा सोबती आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक मेले. त्यांत पाच मुलं होती. वेगाच्या त्या शर्यतीचा शेवट तिथंच झाला. वेगाच्या कौतुकाबरोबर त्याची ही किंमतही मुलांना सांगावी.

ग्रान तुरिस्मो हे नाव अंगावर मिरवणारी एक महत्त्वाची गाडी म्हणजे तुरिनच्या लान्चिया कंपनीची १९५१ सालची 'ऑरेलिया बी-२०'. तिच्यात सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि ते सिलिंडर एका ओळीत न ठेवता इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे, तीन इकडं तीन तिकडं, असे बसवले होते. कारखान्यात नियमित उत्पादन झालेलं अशा रचनेचं हे पहिलं इंजिन. इंजिन पुढं आणि गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी. दोन्ही बाजूंना ओझं सारखं भरलेली कावड खांद्यावर घेतलेला माणूस वळणावर तोल जाऊ देत नाही, तसा या गाडीचा तोल राही. १९५१ च्याच मिल्ले मिल्या शर्यतीत दोन लिटरच्या या गाडीनं दुसरा क्रमांक पटकावला. पहिली आलेली फेरारी दुप्पट मोठ्या इंजिनाची होती. आपल्या लोकांना जवळचं वाटेल असं तिचं एक लक्षण म्हणजे, आरंभीच्या ऑरेलियांचं स्टिअरिंग उजव्या बाजूला होतं आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली होता, अगदी आपल्या फियाटसारखा.

दुसरा शब्द 'दुर्मीळ'. मोटार तर कारखान्यात बनते, मग ती दुर्मीळ कशी? कारण त्या काळी इटलीत मोटार दोन ठिकाणी बनत असे. कंपनी इंजिन, चाकं आणि चेसिस म्हणजे खालचा सांगाडा करून देई. त्यावरचं अंग घडवण्याचं काम वेगळ्या कारागिरांच्या कारखान्यात होई. त्यांना 'कारोत्सेरिया' म्हणतात. तुरिनचा पिनिन फारिना, मिलानचे झागातो आणि तूरिंग ही त्यांतली मोठी नावं. तिथं लाकडाचा साचा समोर ठेवून कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीनं ठोकून वळवत. आपल्या तांबट आळीत घागर घडते तसंच हे काम. एकाच तांबटानं केलेल्या दोन घागरी शेजारी ठेवल्या तर हाताचा फरक दिसतो. तसा या गाड्यांतही दिसतो. तूरिंगनं तर १९३६ साली बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमची पातळ कातडी अशी पद्धत काढली आणि तिला 'सुपरलेज्जेरा', म्हणजे अतिशय हलकी, असं नाव दिलं.

अशा रीतीनं घडवलेल्या गाड्या शेकड्यांनीच निघत, कधी त्याहूनही कमी. फियाट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टॅक्सी येते. पण त्याच फियाट कंपनीनं १९५२ ते १९५४ या काळात 'ओत्तो वू' नावाची दोन लिटर इंजिनाची ग्रान तुरिस्मो काढली होती, आणि तिच्या एकूण गाड्या झाल्या फक्त ११४. ती बनवणारे अभियंते दांते जाकोसा हेच आपल्या ओळखीच्या फियाट ११०० चेही जनक. म्हणजे आमच्या गावच्या रस्त्यावर धावलेली फियाट आणि ती दुर्मीळ शर्यतबाज गाडी या एका हाताखालच्या बहिणी म्हणायला हरकत नाही.

फेरारीच्या प्रसिद्ध '२५० जीटी' मालिकेच्या नावात तर एक गणित दडलेलं आहे. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून बघावं. या गाडीचं इंजिन २९५३ घनसेंटिमीटरचं, आणि सिलिंडर बारा. भागाकार केला की एका सिलिंडरचं घनफळ येतं सुमारे २४६. ते पूर्णांकात आणून नाव ठेवलं २५०. जीटी म्हणजे अर्थात ग्रान तुरिस्मो.

आता तिसरा आणि खरा शब्द : 'मूळ स्थितीत'. त्याचं मोल किती असू शकतं याचं एक उदाहरण पाहू. फ्रान्समध्ये रोजे बायों नावाचे एक माल-वाहतुकीचे व्यावसायिक होते. जुन्या मोटारींचं संग्रहालय करावं असं त्यांच्या मनात होतं म्हणून त्यांनी गाड्या जमवल्या. पुढं १९७० च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या त्यांच्या जागेत पत्र्याच्या शेडखाली तशाच पडून राहिल्या. वेली चढल्या, छपरं गळली. २०१४ साली लिलावाच्या पेढीची माणसं तिथं पोचली तेव्हा ५९ गाड्या निघाल्या. एका गॅरेजमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली एक मोटार होती : फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, १९६१ सालची, एके काळी आलाँ दलाँ या प्रसिद्ध नटाच्या मालकीची. शेजारी माझेराती कंपनीची एक ग्रान तुरिस्मो उभी होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला. पेढीनं गाड्या धुऊन-रंगवून मांडल्या नाहीत, धुळीसकट मांडल्या. फेरारीला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो मिळाले, माझेरातीला जवळजवळ २० लाख युरो.

इथं कुणी म्हणेल, नटाची गाडी म्हणून एवढी किंमत आली. नटाच्या नावाचा वाटा त्यात आहेच. पण मूळपणाचा वाटा का आहे, ते नीट समजून घेतलं पाहिजे. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण पुराव्याचं. जुनी वस्तू हा एक दस्तऐवज असतो. रंगाच्या थरात त्या काळची रंगाची कृती असते, पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा असतात, गादीच्या टाक्यांत शिवणाऱ्याची पद्धत असते. पत्रा घासून, लांबी भरून, नवा रंग मारला की त्या पानावरची अक्षरं पुसली जातात. गाव-नमुन्याचं जुनं मोडी रजिस्टर फाटलं म्हणून कुणी त्यावर पांढरा कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात 'नवं' लिहिलं, तर तलाठी त्याला पुरावा मानेल का?

दुसरं कारण परत न येण्याचं. मूळ गाडी कधीही नवीसारखी करता येते. आज नाही तर दहा वर्षांनी करा. पण एकदा नवी केलेली गाडी पुन्हा मूळ करता येत नाही. आजीचा कोल्हापुरी साज आटवला तर सोनं तेवढंच राहतं, पण घडण जाते. ज्या निर्णयातून मागं फिरता येत नाही तो सावकाश घ्यावा, हा व्यवहाराचा साधा नियम आहे.

तिसरं कारण विश्वासाचं. दुर्मीळ वस्तूला किंमत आली की नक्कल येते. नव्या रंगाखाली काय दडलंय हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. दोन गाड्यांचे तुकडे जोडून एक केली असेल, इंजिन दुसऱ्याच गाडीचं असेल. उघड्या, झिजलेल्या, पण सलग गाडीत लपवाछपवीला जागा कमी.

हा विचार मोटारीपुरता नाही. आपल्या जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याच्या पायाशी हत्तींची रांग आहे आणि त्यांतल्या पुष्कळ हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. उद्या कुणी उत्साही मंडळानं सिमेंटच्या नव्या सोंडा बसवून वर रुपेरी रंग दिला, तर आपल्याला बरं वाटेल काय? याउलट जिथं झीज थांबवणं भागच आहे तिथं हात लावावा लागतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धनाचं काम केलं, ते पुढची झीज थांबावी म्हणून. नव्यानं मूर्ती घडवणं वेगळं आणि आहे ती राखणं वेगळं.

जगातल्या वास्तुविशारदांनी आणि जुन्या वास्तूंच्या तज्ज्ञांनी १९६४ साली व्हेनिसला वास्तूंसाठी अशीच एक सनद केली. तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं २०१२-१३ साली 'तुरिनची सनद' मान्य केली. तिच्यातला मुख्य भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आहे ते जसंच्या तसं टिकवणं म्हणजे जतन. जे हरवलं ते पुराव्याच्या आधारानं, पुरतं तेवढंच, भरून काढणं म्हणजे पुनःस्थापन. आणि नावापुरता जुना तुकडा ठेवून बाकी सगळं नव्यानं करणं म्हणजे पुनर्निर्मिती. तिन्ही कामं होऊ शकतात. फक्त एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये. मोटारप्रेमींची नजरही बदलली आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचचं प्रदर्शन आरशासारख्या चकचकीत गाड्यांसाठी नावाजलेलं. पण २०२४ साली तिथला सर्वोच्च मान १९३४ सालच्या, नव्यासारख्या न केलेल्या एका बुगाटी गाडीला मिळाला. जतन केलेल्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मात्र मोटार ही मूर्ती नव्हे. ती रस्त्यावर धावणार, तिच्या पुढं माणसं असणार. साठ वर्षांपूर्वीची ब्रेकची रबरी नळी 'मूळ आहे' म्हणून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा होईल. टायर, ब्रेकचे रबर, पेट्रोलची नळी, वायरिंग, हे सुरक्षिततेचे भाग बदललेच पाहिजेत. शहाणा मिस्त्री काढलेला भाग फेकत नाही. चिठ्ठी बांधून डब्यात ठेवतो आणि काय बदललं ते वहीत लिहितो. तसंच, गंजानं सांगाडाच खाल्ला असेल तर मूळपणाचा हट्ट धरून उपयोग नाही. मूळ स्थिती आणि हेळसांड यांत फरक आहे. पहिलीत वस्तू वापरानं झिजलेली असते, दुसरीत दुर्लक्षानं कुजलेली.

आता आपण घरी येऊ. इटलीच्या कोट्यवधींच्या गाड्यांशी बिद्री-कागलकडच्या माणसाचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो साखरेच्या वाटेनंही येतो. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगरला साखर कारखाना उभारला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनीही काढली. मुंबईच्या कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं मोटारी तयार होऊ लागल्या. १९५३ साली युरोपात आलेली नवी फियाट ११०० लवकरच इथं आली. तिच्या गोलमटोल रूपावरून आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असं बिनधास्त नाव ठेवलं. १९६४ साली तिची नवी आवृत्ती 'डिलाइट' आली आणि १९७० च्या दशकात तीच 'पद्मिनी' झाली. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. इटलीतल्या एका कागदावर काढलेली आकृती सत्तर वर्षं महाराष्ट्राच्या रस्त्यावर वावरली, ही लहान गोष्ट नाही.

कोल्हापूरकरांना जुन्या मोटारीचा मान शिकवावा लागत नाही. दसऱ्याला सोनं लुटायला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार येते, तेव्हा लोक छत्रपतींना मुजरा करतात आणि गाडीकडंही डोळे भरून पाहतात. पण राजवाड्यातली गाडी राजवाडा सांभाळतो. काळजी आहे ती खेड्यातल्या गाडीची. उसाला पैसा आला त्या वर्षांत कागल, राधानगरी, भुदरगड तालुक्यांत कुणा डॉक्टरानं, कुणा बागायतदारानं फियाट घेतली. नवरी तिच्यातून उतरली, बाळंतीण तिच्यातून दवाखान्यात गेली. पुढं नवी गाडी आली आणि जुनी गोठ्याशेजारच्या शेडात गेली. तिच्यावर आज वैरण रचलेली असते, आत कोंबड्या अंडी घालतात.

अशा गाडीला दोन माणसं भेटायला येतात. एक भंगारवाला, तो वजनावर घेतो. दुसरा हौशी नातू किंवा शहरातला दलाल, तो म्हणतो, "आबा, आपण हिला मस्त लाल रंग मारू, नवं इंजिन टाकू, रुंद टायर बसवू." पहिल्याच्या हातून गाडी जाते आणि दुसऱ्याच्या हातून तिचं गाडीपण जातं. घरात लग्न, आजारपण, पोराचं शिक्षण यांपायी वस्तू विकावी लागते. त्यात कमीपणा नाही. पण आपण काय विकतोय हे विकणाऱ्याला माहीत असावं, एवढीच अपेक्षा.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

विक्रीच्या आधी रंग देऊ नका. धूळ साध्या पाण्यानं, मऊ कापडानं काढली तर पुरे. कागदपत्रं एकत्र करा : आर.सी. पुस्तक, विम्याचे जुने कागद, खरेदीची पावती, गाडीसमोर काढलेला घरचा फोटो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर ती मोठी जमेची बाजू आहे. आरसा, घड्याळ, चाकाच्या टोप्या, टूलकिट असे सुटे भाग वेगवेगळ्या माणसांना विकू नका. माळेतले मणी सुटे विकले की माळ उरत नाही.

घेणाऱ्यानं जवळ एक लोहचुंबक ठेवावा. पातळ कापडात गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे, म्हणजे खाली पूर्वीची ठोकाठोकी किंवा गंज लपला आहे. हा प्रयोग शाळेत मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. मात्र त्या इटालियन ॲल्युमिनियमच्या गाड्यांवर चुंबक मुळीच चिकटणार नाही. त्याचं कारण मुलांनाच विचारावं. आणखी एक पारख झिजेची. मीटरवर थोडे किलोमीटर आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर मात्र पार गुळगुळीत, असं दिसलं की कुणीतरी खोटं बोलतंय, आणि पायपट्टीला खोटं बोलता येत नाही.

बरीच वर्षं बंद असलेली गाडी एकदम बॅटरी लावून चालू करू नये. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढावं, जवळपास विडीकाडी नसावी. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, दोन-चार दिवस थांबावं आणि मग इंजिन हातानं सावकाश फिरवून पाहावं. फिरत नसेल तर जोर करू नये, मिस्त्रीला बोलवावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात जमिनीची ओल हा मोठा शत्रू. गाडी ओट्यावर किंवा फळ्यांवर घ्यावी, वारा खेळता ठेवावा. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये. आतली वाफ आतच राहते आणि गंज दुपटीनं चढतो.

गंजाविषयी एक गोष्ट बिद्रीच्या माणसांना खास आवडेल. साखर कारखान्यात साखर काढून उरते ती मळी. एक भाग मळीत नऊ-दहा भाग पाणी मिसळून त्यात गंजलेले लोखंडी सुटे भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले, तर गंज सुटून येतो आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीन हा उपाय हौसेनं करतात. वास सोसावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचा भाग त्यात चुकूनही टाकू नये. मळीवर सरकारी नियंत्रण असल्यानं ती मनास येईल तशी आणता मात्र येत नाही.

कायद्याची बाजूही आता पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली जुन्या दुर्मीळ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे आणि जिच्या चेसिसमध्ये, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नाही, तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ती दहा वर्षं चालते. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशा गाडीच्या नंबरात 'व्ही' आणि 'ए' ही अक्षरं येतात. ती रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरती रस्त्यावर आणता येते. विक्री झाली तर ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवावं लागतं. इथं पुन्हा 'मूळ रूप' हाच शब्द आला, हे ध्यानात घ्या. नातवानं हौसेनं नवं इंजिन टाकलं आणि पत्रा कापला, की गाडीचा हा हक्कही अडचणीत येतो.

एवढं ऐकून प्रत्येकानं आपल्या शेडातल्या पद्मिनीकडं कोट्यवधींच्या नजरेनं पाहू नये. किंमत दुर्मीळपणातून येते. ११४ गाड्या निघाल्या ती गोष्ट निराळी, आणि हजारोंनी निघाल्या ती निराळी. पण ज्या हजारो गाड्या निघाल्या त्याही वर्षागणिक भंगारात जात आहेत; आणि एके काळी रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी कधी झाली, हे पुष्कळदा शेवटची गेल्यावरच कळतं. शिवाय बाजारात न भरणारी एक किंमत असते. गावातल्या शाळेतल्या मुलांना कार्बोरेटर काय, डायनॅमो काय, हे उघडून दाखवायला आजची बंद डब्यासारखी गाडी कामाची नाही. जुनी फियाट कामाची आहे. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्यानं सुटतो. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातले लेथ आणि भट्ट्या चालवणाऱ्या हातांचं कसब असंच उघड्या यंत्रावर घडलं.

तेव्हा जुनी वस्तू हाती आली, मग ती मोटार असो, मोट असो, ताम्हण असो की दप्तर असो, तिला रंग लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही झीज पुढं वाढणारी आहे की थांबलेली? मी जे बदलणार आहे ते पुन्हा पहिल्यासारखं करता येईल का? आणि बदललंच तर काय बदललं, हे पुढच्या माणसाला कळेल असं मी लिहून ठेवणार आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली तर खुशाल हात लावावा. नाही देता आली, तर ब्रश खाली ठेवावा, वर कापड झाकावं, छप्पर गळत असेल तर आधी त्याची कौलं शेकारून घ्यावीत, आणि जाणत्या माणसाला विचारावं. तेवढ्यानंही वस्तू आणखी एक पिढी टिकते.